बुऱ्हाणपूर ते आग्रा

बुऱ्हाणपुराहून आग्रा आकाशमार्गे सरळ मोजल्यास सुमारे पावणेसातशे किलोमीटर भरते. आजच्या विमानास त्यासाठी तासाभराचा अवधी पुरे. हेच अंतर मुमताज महलच्या पार्थिवाने कसे काटले, ते पाहण्याजोगे आहे.

दख्खनच्या मोहिमेवर असलेल्या शाहजहानची ही बेगम १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात बुऱ्हाणपुरी निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरण्यात आले. डिसेंबरात पार्थिव आग्र्यास निघाले. सोबत पंधरा वर्षांचा शाहजादा शुजा आणि बेगमेची विश्वासू सती-उन-निसा होती. असीरगड मागे टाकून हंडियापाशी नर्मदा उतरावयाची, पुढे सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, असा तो जुना राजमार्ग. त्या सुमारास गुजरात व दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. वाटेवर गोरगरिबांना अन्न व नाणी वाटण्यात आली, असे दरबारी इतिहासकार लिहितात. जिवंतपणी जे घडले नसते ते एका मृत बेगमेच्या नावे घडले, हा योग विलक्षणच म्हणावयाचा!

सुमारे चार आठवड्यांनी, जानेवारी १६३२ मध्ये, पार्थिव यमुनाकाठी पोहोचले. बादशहा मात्र बुऱ्हाणपुरातच होता. मोहीम अजून आटोपली नव्हती. तो आग्र्यास परतला, तो त्यानंतर काही महिन्यांनी.