सभाबंदीपासून जमावबंदीपर्यंत: युसूफ वडगावचा मुलूख

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती, गावाचा वतनदार पाटलाच्या. चावडीपुढे, पारावर किंवा बाजारात लोक एकत्र येत. पण तिथे राज्यकारभाराविषयी बोलण्याचा हक्क त्यांना नव्हता. ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाने सार्वजनिक सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी बंधनकारक केली होती आणि राजकीय सभेला ती सहसा मिळत नसे.

म्हणूनच हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने संस्थानाबाहेर भरली: 1923 मध्ये काकीनाड्याला, पुढे मुंबई, पुणे आणि अकोल्याला. आपल्या राज्याविषयी बोलण्यासाठी प्रजेला राज्याची सीमा ओलांडावी लागावी, यापेक्षा त्या कारभाराची कठोर साक्ष कोणती? 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, तेव्हा मराठवाड्याला आपल्या भूमीवरचे व्यासपीठ मिळाले. युसूफ वडगावजवळच्या अंबाजोगाईत, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थ शिक्षणाचे काम करत होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. 24 ऑक्टोबरला स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजीही त्यात उतरले. संघटनेवरची बंदी 1946 मध्ये उठली.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान शरण आले आणि 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना लागू झाली. कलम 19 ने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण त्यांचे समर्थन सरकारने करायचे असते. निजामी राजवटीशी तुलना करता हा बदल मुळापासूनचा आहे.

तरीही मनाईची हत्यारे उरली. 1951 च्या पोलीस अधिनियमातील कलम 37(1) नुसार जिल्हादंडाधिकारी शस्त्रे, काठ्या बाळगण्यास, तसेच भडक घोषणा व भाषणांस मनाई करू शकतो. कलम 37(3) नुसार जमाव आणि मिरवणुकीला. जमावबंदीचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144 होतेच. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा नव्या संहितेच्या कलम 163 ने घेतली. 1961 मध्ये बाबूलाल पराते खटल्यात, नागपूरच्या मनाई आदेशावरून, सर्वोच्च न्यायालयाने कलम 144 घटनात्मक ठरवले.

ग्रामपंचायतीचा अधिकार वेगळा आणि मर्यादित आहे. 1958 च्या कायद्यानुसार ती रस्त्यावरचे अतिक्रमण हटवू शकते, स्वच्छतेचे नियम लावू शकते; सभा बंद करण्याचा अधिकार तिला नाही. वतनदारी गेल्यावर 1967 च्या कायद्याने आलेला पोलीस पाटील शासननियुक्त असतो. गावातल्या हालचालींची खबर वर देणे हे त्याचे काम.

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, तेव्हा काही भागांत संचारबंदी लागली. अशा वेळी मनाई समजण्यासारखी असते. सण, आंदोलने, जयंत्या यांचे कारण देऊन नेमाने निघणाऱ्या आदेशांबाबत तसे म्हणता येत नाही. तिथे अपवादाचाच रिवाज होतो. जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की कलम 144 खाली पुन्हा पुन्हा आदेश काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि आदेशात कारणे नोंदवून तो प्रसिद्ध करावा लागतो.