काका, मी एकटी सायकलने येऊ का?

मित्राच्या लेकीचा परवा पुण्याहून मेसेज आला. मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंत सायकलने जायचंय, एकटीने. "काका, रायगडचा किनारा सेफ आहे ना?"

हाच प्रश्न तिने २०२२ च्या ऑगस्टमध्येही विचारला होता, दिवाळीच्या सुट्टीसाठी. त्याच सुमारास, १८ ऑगस्टला, हरिहरेश्वरजवळ बेवारस बोट सापडली होती. आत तीन एके-४७ रायफली. आम्ही पत्रकार धावत सुटलो. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची आहे, ओमानजवळ बिघडल्यावर माणसांना वाचवलं गेलं आणि बोट वाहत इकडे आली, असं सरकारने त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं. तरी मी पोरीला कळवलं, "यंदा नको."

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एकजण मोटारसायकलवरून खड्ड्यात आपटला. खांदा निखळला. त्याची मी एक ओळसुद्धा दिली नाही. रोजचंच ते, त्यात बातमी कसली!

यावेळी उत्तर देण्याआधी म्हटलं जरा मागे बघू. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही.

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं आणि तिकडे बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी खबर होती. घरच्यांचा विरोध. मुलूख लांबचा, तिथले लोक भांग पिणारे, बायका पुरुषांना भुलवणाऱ्या, ही धास्ती. प्रत्यक्षात गोडसेभटजींच्या वाटेत काय आलं? सत्तावनचं बंड. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन जिवंत घरी आले. 'माझा प्रवास' हे पुस्तक त्यातून झालं. पण बघा, घरच्यांनी भीती एकाची घातली आणि गाठ पडली भलत्याशीच.

आपल्या किनाऱ्यावरही हेच होत आलंय. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. बहुतेकजण सणाला गावी चाललेले. नेहमीची वाट, नेहमीची बोट. बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या सकाळी धक्क्यावर "सेफ आहे ना?" असं कोणी कोणाला विचारलं असेल?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. तो पूलही सगळ्यांच्या रोजच्या वापरातला होता.

याच्या उलट शेखाडी. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबई हादरली, २५७ माणसं गेली. किनाऱ्यावर डोळा ठेवायला नेमलेल्या कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनाच पुढे शिक्षा झाल्या. शेखाडीच्या नावावर डाग बसला तो बसलाच. आज दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता सायकलवाल्यांचा लाडका आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, वाहनं कमी. गावाचं नाव एका गोष्टीसाठी बदनाम झालं म्हणून त्या रस्त्यावर सायकल चालवणं धोक्याचं ठरत नाही.

परदेशातही हेच. आपल्या मराठी मुलीचं, वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये विशीत असताना ती सायकलवरून जगाला फेरी मारून आली. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं. आणि चाकू दाखवून तिला लुटलं कुठे? स्पेनमध्ये. नकाशावर बोट ठेवून "हा देश सेफ, तो अनसेफ" म्हणणारे किती जण स्पेनवर बोट ठेवतील?

मला वाटतं, आपला प्रश्नच चुकतो. अख्खा मुलूख सेफ किंवा अनसेफ नसतो. सेफ असतो तो रस्ता, महिना, वार आणि वेळ.

म्हणून पोरीला यावेळी असं लिहिलं:

"ये. पण डिसेंबर-जानेवारीत ये. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली दिसत नाही. शनिवार-रविवार टाळ. तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबाग-काशीद रस्त्यावर कशा सुटतात ते आम्ही रोज बघतो, काही चालक प्यायलेले असतात. रेवदंड्याचा पूल सकाळी लवकर ओलांड, नंतर डंपर सुरू होतात. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जा, शेवटची फेरी कधीची ते आधी विचारून घे. ऊन उतरायच्या आत मुक्काम गाठ. घरगुती राहण्याची सोय गावोगाव आहे, पण नाव आणि नंबर आईकडे देऊन ठेव. एकट्या मुलीने जी काळजी पुण्यात घ्यायची तीच इथेही घे, आमची गावं देवांची नाहीत. एक मात्र लक्षात ठेव. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे आणि श्रीवर्धनहून तिथे पोचायला काही तास लागतात. हेल्मेट विसरू नकोस. १०८ आणि ११२ हे नंबर पाठ कर."

तिचं उत्तर आलं, "काका, मागच्या वेळी हे का नाही सांगितलंत?"

काय सांगू? मागच्या वेळी मी माझीच हेडलाइन वाचून उत्तर दिलं होतं. बोटीची बातमी पहिल्या पानावर गेली. खड्डा, डंपर, दारू पिऊन चालवणारा, लांबचा दवाखाना यांना आम्ही आतल्या पानावर चार ओळी देतो, कधी तेवढ्याही नाही. पण माणसं मरतात ती बहुतेक या चार ओळींतच. आणि हे धोके फक्त पाहुण्या सायकलवालीचे नाहीत. शाळेला सायकलने जाणारी आपली पोरं त्याच रस्त्यावर असतात, पावसाळ्यात आणि शनिवारीसुद्धा. त्यांना महिना आणि वार निवडता येत नाही.

तुमच्या गावच्या रस्त्यावर सायकलसाठी सगळ्यात वाईट जागा कोणती? कमेंटमध्ये ठिकाणासकट लिहा. यावेळी चार ओळींत उरकणार नाही.