भडगाव परिसरातील गावजीवन व मालमत्ता

जळगाव जिल्ह्यात गिरणेकाठी वसलेले भडगाव हे तालुक्याचे गाव. आसपासच्या खेड्यांचा बाजार, दवाखाना, कॉलेज आणि तहसील कचेरी इथेच. कापूस हे मुख्य पीक. पाणी असेल तिथे केळी व ऊस. तालुक्यातील कजगावची केळी विशेष नावाजलेली.

इथल्या मालमत्तेचे मूळ जमिनीत. ब्रिटिश मोजणीने शेतसारा थेट खातेदारावर बसवला. त्या मोजणीविरुद्ध 1852 मध्ये खानदेशात उठाव झाला होता. आज मालकी व पीक सातबारावर, खातेदाराची एकूण जमीन आठ-अ उताऱ्यावर दिसते. खरेदी किंवा वारसा फेरफाराने नोंदला जातो. जमिनीइतकेच मोल विहिरीच्या पाण्याचे. भावांमध्ये वाटणी झाली तरी विहीर बहुधा सामाईक राहते, आणि पाळीवरून तंटे होतात.

भूमिहीन माणूस अनेकदा सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारा शेतगडी) म्हणून राहतो. त्याचे साल आखाजीला (अक्षय्य तृतीया) सुरू होते. त्याच सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला महाराष्ट्राने 1994 मध्ये, तर देशाने 2005 मध्ये मुलाइतका वाटा दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून अनेकजणी हक्कसोड लिहून देतात. हा अन्याय आहे.

धाब्याच्या मातीच्या घरांची जागा आता सिमेंटने घेतली आहे. रस्त्यालगतची शेते बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडतात. गावठाणातील घरांना मात्र सातबारा नसतो. त्यांच्या मिळकत पत्रिकांसाठी 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होते.