भूसेना हेलिकॉप्टर ब्रिगेड

भूसेना हेलिकॉप्टर ब्रिगेड : भूसेनेच्या स्वतःच्या आधिपत्याखालील हेलिकॉप्टरांची लढाऊ संघटना. शत्रूवर मारा, टेहळणी, सैनिक व तोफांची ने-आण, रसदपुरवठा आणि जखमींना रणक्षेत्राबाहेर हलविणे ही तिची प्रमुख कामे होत. अशा ब्रिगेडचा विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या भूसेनेत झाला. हेलिकॉप्टरे एका सेनानीच्या हाती एकवटावीत, की लढणाऱ्या तुकड्यांना वाटून द्यावीत, हा प्रश्न तिच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

इतिहास : जून १९४२ मध्ये अमेरिकी तोफखान्यास लक्ष्यनिरीक्षणासाठी हलकी विमाने देण्यात आली व भूसेनेच्या विमानदलाचा पाया घातला गेला. १९४७ मध्ये वायुसेना स्वतंत्र झाल्यावरही ही विमाने भूसेनेकडे राहिली. कोरियन युद्धात (१९५०–५३) बेल एच-१३ हेलिकॉप्टरच्या बाहेरील बाजूंस बांधलेल्या स्ट्रेचरांवरून जखमींना हलवीत. १९६२ मध्ये जनरल हॅमिल्टन हाउझ यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने पायदळाची वाहतूक व मारा यांसाठी हेलिकॉप्टरांचा मोठ्या प्रमाणावर वापर सुचविला. त्यातून १९६५ मध्ये ‘फर्स्ट कॅव्हलरी’ डिव्हिजन हवाई संचारक्षम झाली. तिच्याकडे चारशेहून अधिक विमाने व हेलिकॉप्टरे होती.

१४ नोव्हेंबर १९६५ रोजी व्हिएटनाममधील इआ द्रांग खोऱ्यात तिची एक बटालियन १६ ह्यूई हेलिकॉप्टरांतून उतरविण्यात आली. एका खेपेत सर्व सैनिक मावत नसल्याने संपूर्ण बटालियन उतरेपर्यंत दुपार उलटली व प्रथम उतरलेल्यांना संख्येने अधिक असलेल्या शत्रूशी झुंजावे लागले. मात्र रसद व जखमींची ने-आण चालू राहिल्याने बटालियन तगली.

मे १९६६ मध्ये व्हिएटनाममधील विखुरलेल्या तुकड्या एकत्र करून ‘फर्स्ट एव्हिएशन ब्रिगेड’ उभारण्यात आली. प्रशिक्षण, देखभाल व प्रशासन ब्रिगेडकडे आणि लढाईतील नियंत्रण रणक्षेत्रातील सेनानींकडे, अशी विभागणी करून वरील प्रश्नावर तोडगा काढण्यात आला. ऐन भरात तिच्याकडे सु. ४,००० विमाने व हेलिकॉप्टरे होती. १९७१ मध्ये लाओसमधील मोहिमेत विमानविरोधी माऱ्यामुळे शंभरहून अधिक हेलिकॉप्टरे नष्ट झाली व या साधनाच्या मर्यादा उघड झाल्या.

१९७५ मध्ये टेक्सस राज्यातील फोर्ट हुड येथे ‘सिक्स्थ कॅव्हलरी ब्रिगेड’ ही हवाई लढाऊ ब्रिगेड उभारण्यात आली. एप्रिल १९८३ मध्ये विमानदल ही भूसेनेची स्वतंत्र शाखा ठरली आणि त्या दशकात डिव्हिजनांमध्ये हेलिकॉप्टर ब्रिगेडांचा समावेश झाला. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे आठ अपाची हेलिकॉप्टरांनी इराकची सीमेवरील रडारकेंद्रे उद्‌ध्वस्त केली. मार्च २००३ मध्ये मात्र करबलाजवळील स्वारीत, तोफखान्याच्या माऱ्याशी वेळ न जुळल्याने, अपाची हेलिकॉप्टरे वस्तीतून होणाऱ्या गोळीबारात सापडली. एक हेलिकॉप्टर गमवावे लागले, त्याचे दोघे वैमानिक बंदी झाले व बहुतेक सर्व हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या. काही दिवसांनी तोफखाना व वायुसेना यांच्याशी मेळ राखून केलेली स्वारी यशस्वी झाली.

संघटना : २००४ नंतरच्या पुनर्रचनेत अशा ब्रिगेडमध्ये सु. १०० हेलिकॉप्टरे असत. मारा व टेहळणी यांसाठी अपाची, सैनिकांच्या चढाईसाठी ब्लॅक हॉक, अवजड वाहतुकीसाठी शिनूक आणि रुग्णवाहक हेलिकॉप्टरे यांच्या वेगवेगळ्या बटालियनी किंवा कंपन्या, शिवाय इंधन व दुरुस्ती यांसाठी एक साहाय्यक बटालियन, अशी तिची रचना होती. उड्डाणाच्या प्रत्येक तासामागे अनेक तासांची देखभाल लागत असल्याने, ब्रिगेडचे सामर्थ्य हेलिकॉप्टरांच्या संख्येइतकेच या बटालियनवर अवलंबून असते.

भारत : भारतीय भूसेनेचे विमानदल १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र कोर म्हणून स्थापन झाले. तत्पूर्वी त्याच्या तुकड्या तोफखान्याच्या निरीक्षणासाठी काम करीत. वैमानिकांचे प्रशिक्षण नाशिकजवळील गांधीनगर येथे होते. पुढे लेह, मिसामारी (आसाम) व जोधपूर येथे ब्रिगेड उभारण्यात आल्या. २०२२ मध्ये ‘प्रचंड’ या भारतीय बनावटीच्या हेलिकॉप्टरची पहिली तुकडी भूसेनेत उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये भूसेनेस पहिली अपाची हेलिकॉप्टरे मिळाली. त्यामुळे निरीक्षण व वाहतूक यांबरोबरच प्रत्यक्ष माऱ्याची जबाबदारीही या दलाकडे आली.