भरलेली कॅसेट

कोऱ्या ध्वनिफितीवर आवडीची गाणी रेडिओवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून उतरवून, अथवा दुकानातून भरून घेऊन केलेला खासगी गीतसंग्रह. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. भारतात १९८० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि वऱ्हाडातील परतवाड्यासारख्या बाजारपेठेच्या गावांतही हा प्रघात रुळला.

या संग्रहाविषयीची आजची हुरहूर ही केवळ सरलेल्या तारुण्याची ओढ आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. पण तेवढेच कारण असते, तर त्या काळातील प्रत्येक वस्तू सारखीच आठवली असती. साठ मिनिटांच्या फितीच्या एका बाजूवर पाच-पाच मिनिटांची जेमतेम सहा गाणी मावत. त्यामुळे निवड, क्रम आणि वेष्टनावरची हस्ताक्षरातील यादी यांत, कॅसेट भेट दिली असेल तर, देणाऱ्याचा वेळ व त्याने घेणाऱ्याचा केलेला विचार दिसे. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी पट्टी तोडणे हा जणू शेवटचा शिक्का. आजची फोनवरची यादीही निवडीनेच बनते, हे मान्य. मात्र तिला जागेची तशी मर्यादा नाही आणि चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमतही नाही. दुकानांतील अशी भरणी बहुधा स्वामित्वहक्काचा भंग करणारी होती, हेही नाकारता येत नाही. तरीही आठवण उरते ती फुकट गाण्याची नव्हे, खर्ची घातलेल्या श्रमाची.