वतन, पेन्शन आणि चार वर्षे : कोल्हापूरची सैन्यभरती

कोल्हापूर संस्थानात शिपाईगिरी मुळात वतनाची होती. पन्हाळा, सामानगड, भुदरगड या किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांना पहाऱ्याच्या बदल्यात जमिनी असत. बापाची चाकरी मुलाकडे जाई. त्यामुळे माणसे शोधावी लागत नसत आणि असलेली सोडूनही जात नसत. इंग्रजांच्या पाठबळाने संस्थानचे कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी 1844 मध्ये या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणायला सुरुवात केली, तेव्हा सामानगडच्या गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरमध्ये सामानगड आणि 1 डिसेंबरला पन्हाळा पडला. बंडाबरोबर पिढीजात शिबंदीही मोडली आणि तिच्या जागी पगारी शिपाई आला.

पगारी फौजेला भरतीची गरज सतत भासते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणींची मोठी हानी झाली. 29 एप्रिल 1916 रोजी कुत अल अमारा पडल्यावर वाचलेले शिपाई तुर्कांचे कैदी झाले. ही तूट भरून काढण्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी भरतीला उघड पाठबळ दिले. 1922 च्या फेररचनेत या पलटणींची एक रेजिमेंट झाली. पुढे बेळगाव हे तिचे केंद्र बनले. संस्थानची स्वतःची राजाराम रायफल्स ही पलटण 1949 च्या विलीनीकरणानंतर भारतीय सैन्यात आली आणि या रेजिमेंटमधील 19 मराठा या नावाने तिचा वारसा चालू राहिला.

स्वातंत्र्यानंतर वतनाची जागा पेन्शनने घेतली. पंधरा वर्षांच्या नोकरीवर जवानाला पेन्शन लागू होई आणि पस्तिशी-चाळिशीत तो कायमच्या उत्पन्नासह गावी परते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या घरटी फौजी निपजले. जवान टिकवणे अवघड नव्हते, अवघड होते ते आत शिरणे. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे पश्चिम महाराष्ट्र, दक्षिण कोकण आणि गोव्यातील मुले येतात. भरती रॅलीच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच मैदानाबाहेर रांग लागते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळाल्यास पूर्ण 60 गुण आणि पावणेसहा मिनिटांपर्यंत 48 अशी वर्षानुवर्षांची पद्धत होती. वेळ संपताच दोर आडवा धरला जाई आणि मागे राहिलेले तिथूनच घरी परतत. पुढे दहा बीम (पुल-अप्स), उंची-छाती, मेडिकल आणि शेवटी लेखी परीक्षा असा क्रम होता.

कोविडने ही साखळी मध्येच तोडली. 2020-21 मध्ये देशभरात ठरलेल्या 97 रॅलींपैकी 47 झाल्या आणि त्यांतल्या फक्त चारांची लेखी परीक्षा पार पडली. पुढच्या वर्षी 87 पैकी चारच रॅली झाल्या, परीक्षा एकही नाही. 2019-20 मध्ये 80,572 जवान घेणाऱ्या सैन्याने ही दोन्ही वर्षे भरती केली नाही. मैदान आणि मेडिकल पास झालेली मुले परीक्षेच्या तारखेची वाट पाहत राहिली. जनरल ड्युटी या पदासाठी कमाल वय 21 असल्याने अनेकांचे वय या काळात निघून गेले.

14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि अडकलेली जुनी भरती रद्द ठरली. त्या वर्षापुरती वयोमर्यादा 23 केली गेली, तरी मैदान-मेडिकल पास झालेल्यांनाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. 2023 पासून क्रम उलटला: आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. त्यामुळे मैदानी तयारी करून घेणाऱ्या अकॅडमींना गणित आणि सामान्य ज्ञानाचे तासही आधीच घ्यावे लागले.

टिकून राहण्याचा प्रश्न या योजनेने नव्याने उभा केला. अग्निपथमधून भरती झालेल्या अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच कायम करण्याची तरतूद आहे. उरलेल्यांना पेन्शन नाही. पगारातील 30 टक्के कपात, सरकारचा तितकाच वाटा आणि व्याज मिळून योजना जाहीर करताना सांगितलेला सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो. केंद्रीय निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी 10 टक्के जागा राखण्याची घोषणा 2022 मध्येच झाली. गडकऱ्याला जमिनीने आणि जवानाला पेन्शनने बांधून ठेवले. अग्निवीराच्या बाबतीत मात्र कोणाला ठेवायचे हे सैन्य चार वर्षांनी ठरवते.