मिस केरळ आणि नोंदीबाहेरचे मासे

आम्हा गोमंतकीयांचे माशांशी नाते ताटातले. काचेच्या टाकीतला मासा म्हणजे शोभेची वस्तू, तो दुकानातच जन्मला असणार, असे आपण धरून चालतो. मात्र आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा एक मासा थेट ओढ्यातून उचलला गेला आणि परदेशांतल्या दिवाणखान्यांत पोचला. त्याची ही हकीकत.

फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरने १८६५ साली त्रावणकोरच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या मुंडकायमच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव दिले. तिथले लोक त्याला चेंकणियान, म्हणजे लाल डोळ्यांचा, म्हणत. चंदेरी अंग, काळा पट्टा आणि वर लाल रेघ. १९९७ साली सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले, मागणी वाढली आणि 'मिस केरळ' हे नाव जगभर झाले.

ओढा आणि विमान यांच्यामध्ये एक मुक्काम असतो. पकडलेले मासे तिथे टाक्यांत वेगळे ठेवतात. याला क्वारंटाइन म्हणतात. जहाजे बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवण्याच्या इटालियन प्रथेवरून हा शब्द आला. रानातला मासा अंगावर परजीवी घेऊन येतो. वाहत्या पाण्यात ते विखुरतात, टाकीत मात्र साचतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जीव माशावरून गळून तळाशी बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीत दडलेल्या जिवाला नाही. म्हणून काही आठवडे थांबावे लागते. त्यातून हा मासा कळपाने राहणारा, खळाळत्या पाण्यातला. त्याला भरपूर प्राणवायू लागतो. प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवतात, नाहीतर त्याच्याच विष्ठेने पिशवीतले पाणी विषारी होते. या मुक्कामात घाई केली की मासे मरतात.

२००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा मिस केरळचा. पण हे आकडे विमानात चढलेल्या माशांचे. जाळ्यात, डब्यात, टाकीत मेलेले त्यांत नाहीत. ओढ्याच्या हिशेबातून मात्र तेही वजाच झाले. मला हा इतिहास तिथे अपुरा वाटतो.

२००८ मध्ये केरळ सरकारने पकडण्यावर निर्बंध आणले. पुढे टाकीत पैदास करण्याचे तंत्रही साधले. २०१३ साली संशोधकांनी या माशाला नवे कुळनाव दिले, 'सह्याद्रिया'. त्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. २०२२ च्या दुरुस्तीने तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात आला.

नाव सह्याद्रीचे, म्हणून थोडी जबाबदारी आपलीही. दुकानात कुठल्याही माशाची किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हा जन्मला कुठे? आणि किती दिवस वेगळा ठेवला होता?